रक्तात काय शोधता?

१८०/११०. हा माझ्या बापाचा आकडा. केसपेपरवर निळ्या शाईत अजून आहे.

डॉक्टर मान वर न करता म्हणाला, "मीठ कमी करा, टेन्शन घेऊ नका, रोज सकाळी फिरायला जात जा." तीस वर्षं झाडू घेऊन सकाळी शहर फिरलेल्या माणसाला हा फिरायला जा म्हणतो! आणि टेन्शन काय बाप रेशनच्या लायनीत उभा राहून घेत होता? मुकादमाची शिवी, कंत्राट संपायची तारीख, गटारात उतरलेला जोडीदार वर येतो की नाही ह्याची वाट. हे बाप घेत नव्हता. त्याला ते दिलं जात होतं.

मिठावर आय म्हणाली, "मीठ कमी कर म्हंतो, मग भाकर कशासंगं खायाची?" भाजी परवडत नाही तिथं मीठ-मिरचीच कोरड्यास. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ हवं हे खरंच आहे, मी नाकारत नाही. पण पाच ग्रॅमचा उपदेश करणाऱ्यानं एकदा आमच्या ताटात डोकवावं.

गोळी मात्र खरी होती. ॲम्लोडिपिन, पाच मिलिग्रॅम. रक्तवाहिनीच्या भिंतीतले आवळलेले स्नायू ती सैल करते, वाट रुंद होते, दाब उतरतो. बापाचा उतरलाही. पण गोळ्या मिळायच्या सातच दिवसांच्या. आठव्या दिवशी पुन्हा लाईन. लाईन म्हणजे खाडा, खाडा म्हणजे पगार कट. दोन महिन्यांनी बाप म्हणाला, "मला काय झालंय? धडधाकट हाय मी." डोकं दुखत नाही, चक्कर नाही. ह्या रोगाची हरामखोरी हीच, तो बोंब मारत नाही. गोळ्या बंद पडल्या. एका पहाटे उजवं अंग गेलं, वाचा गेली.

तेव्हा मी भाषणं ठोकत होतो, शोषणावर. बापाचा केसपेपर एकदाही वाचला नव्हता.

नंतर ऑफिसातला एक शिकलेला म्हणाला, "तुमच्या लोकांचं रक्तच तापट." हसत म्हणाला. दोस्तहो, हे 'रक्तच तसं' फार जुनं आहे आणि जगभर चालतं. ज्यांच्याकडून आपण पँथर हे नाव घेतलं त्या अमेरिकेतल्या काळ्यांना हेच शास्त्राच्या भाषेत सांगितलं गेलं. म्हणे गुलामांच्या जहाजात तहानेनं नि जुलाबानं माणसं मेली, मीठ धरून ठेवणारी शरीरं तेवढी जगली, म्हणून त्यांच्या नातवंडा-पणतवंडांना बीपी! १९९२ साली फिलिप कर्टिन ह्या इतिहासकारानं ह्या गोष्टीचा इतिहासातला पायाच पोकळ असल्याचं दाखवलं. मग १९९७ साली रिचर्ड कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकी वंशाच्याच माणसांची मोजणी छापली. पश्चिम आफ्रिकेत शंभरात १६ जणांना उच्च रक्तदाब, कॅरिबियन बेटांत २६, अमेरिकेत ३३. पूर्वज तेच, मुलूख बदलला नि आकडा दुपटीवर गेला. आता सांगा, दोष रक्ताचा की त्या मुलखातल्या जगण्याचा?

पण म्हणून आपल्यातले काही पोरं जे बडबडतात तेही मला मान्य नाही. "गोळ्या म्हणजे कंपन्यांचा धंदा, एकदा धरली की सुटत नाही, सोड च्यायला." कंपन्या साधुसंत नाहीत, ठाऊक आहे. पण सर्पगंधेची मुळी आपल्याच देशातली. तिचा बीपीवरचा गुण मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला, तेव्हा कुठं जगाचे डोळे उघडले. तिच्यातल्या रिसर्पिननं काही रोग्यांचं मन काळवंडायचं, म्हणून ती मागं पडली, पुढं बरी औषधं आली. ॲम्लोडिपिनचं पेटंट तर कधीच संपलंय. जनौषधीच्या दुकानात दहा गोळ्यांची पट्टी वडापावपेक्षा स्वस्त. गोळी सुटत नाही कारण रोग सुटत नाही. भाकरी तरी कुठं सुटते? क्रांती होईपर्यंत बापाची नस थांबणार नाही, दोस्त.

भांडायचं तर इथं भांडा: सात दिवसांच्या पुडीवर. २०१७ साली सुरू झालेल्या सरकारच्याच उच्च रक्तदाब मोहिमेत तीस दिवसांच्या गोळ्या एकदम, त्याही घराजवळ द्यायच्या असं धोरण आहे. मग आमच्या वस्तीला सातच का? दवाखाना संध्याकाळी का उघडा नाही, जेव्हा माणूस कामावरून येतो? हे विचारायला मोर्चा काढू, घेराव घालू. आणि तोवर येत्या रविवारी विहारात मी मशीन घेऊन बसतोय. आपापल्या आयबापाला घेऊन या. येण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, आल्यावर पाच मिनिटं गप बसवा, मग दंडाला पट्टा. १४०/९० किंवा वर निघालं तर दुसऱ्या दिवशी परत आणा, आणि केसपेपर स्वतः वाचा.