पत्त्याचा रंग नेमका कुठला?

मंडळी, आज खरं तर दुसऱ्याच विषयावर लिहायचं होतं. पण गेला आठवडाभर डोक्यात एक भुंगा शिरलाय, तो बाहेर काढल्याशिवाय दुसरं काही सुचायचं नाही. विषय वरवर पोरकट आहे: पत्त्यांचे रंग. तरी शेवटपर्यंत वाचा, फुकट जाणार नाही :)

माझा भाचा अकरावीत शिकतो आणि उरलेल्या वेळात 'मॅजिक: द गॅदरिंग' खेळतो. (त्याच्या आईच्या मते हे उलट आहे.) ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञानं रचलेला हा पत्त्यांचा खेळ १९९३ साली अमेरिकेत आला. पत्ते विकत घ्यायचे, त्यातून आपला संच आपणच बांधायचा आणि समोरच्याशी भिडायचं. रंग पाच: पांढरा, निळा, काळा, लाल, हिरवा. काही पत्ते बिनरंगीही असतात. लाल पत्ता खेळायचा तर लाल 'माना' लागतो, म्हणजे त्या रंगाची ताकद. त्यामुळे संच बांधताना पहिला प्रश्न रंगाचाच. फोनवर 'अरीना' आहे, तिथेही हाच खेळ. पण पठ्ठ्याकडे खरे पत्तेही आहेत, बुटाच्या दोन खोक्यांत भरलेले.

त्या खोक्यांची यादी ठेवायला मी त्याला एक छोटं ॲप करून दिलं. पत्त्यांची माहिती जालावर फुकट मिळते, ती ओढायची आणि रंगाप्रमाणे गाळून दाखवायची. दोन रविवारचं काम. मामा एकदम हिरो.

आणि मग मागच्या शनिवारी फोन आला.

"मामा, तुझ्या ॲपनं माझं वाल्की गिळलं की!"

झालं होतं असं. त्याला काळा-लाल संच बांधायचा होता. ॲपमध्ये काळा निवडला, लाल निवडला, वाल्की काही दिसेना. पोराला वाटलं, कुठंतरी हरवलं. म्हणून दिवाळीला आजीनं दिलेल्या पैशातून त्यानं दुसरं मागवलं. कुरिअर आलं, नवीन पत्ता खोक्यात ठेवायला गेला, तर जुना तिथंच बसलेला! ॲपमध्ये तो निघाला 'बिनरंगी' या कप्प्यात. माझ्या एका गाढवपणापायी आजीच्या दिवाळीला कात्री लागली.

चूक काय होती? 'वाल्की, गॉड ऑफ लाइज' हा २०२१ च्या 'काल्डहाइम' संचातला दुतोंडी पत्ता. पुढून वाल्की, काळा. उलटा केला की 'टिबाल्ट, कॉस्मिक इम्पॉस्टर', काळा आणि लाल. खेळताना कुठल्याही एका तोंडानं खेळा. अशा पत्त्याच्या माहितीत रंग हा पत्त्यापाशी लिहिलेलाच नव्हता, प्रत्येक तोंडापाशी वेगळा लिहिलेला होता. माझ्या कोडनं वरच्या जागी बघितलं, रिकामं दिसलं, आणि रिकामं म्हणजे बिनरंगी असं ठरवून मोकळं झालं. 'माहीत नाही' आणि 'नाही' यातला फरक न कळणं हा आपल्या धंद्यातला सगळ्यात जुना रोग असावा.

ते दुरुस्त करायला पाच मिनिटं पुरली असती. पण दुरुस्त करून लिहायचं काय? इथं भुंगा शिरला.

ऑफिसातला मित्र म्हणाला, पुढच्या तोंडाचा रंग घे, विषय संपव. खेळाचा नियमही तसाच आहे: दुतोंडी पत्ता हातात किंवा गड्डीत असताना पुढच्या तोंडानंच ओळखला जातो. म्हणजे वाल्की काळा. पण २००१ सालचा 'फायर आणि आइस' घ्या. हा दुभागलेला पत्ता, एकाच बाजूवर दोन अर्धे: फायर लाल, आइस निळा. हा हातात असताना नियमानं लाल आणि निळा असा दोन्ही असतो, आणि खेळलात की जो अर्धा खेळलात तेवढ्याच रंगाचा. म्हणजे 'पुढचं तोंड' हा नियम सगळीकडे लागू होत नाही.

बरं, मग सगळ्या तोंडांचे रंग गोळा करून टाकू? मीही आधी तेच केलं. भाच्यानं दोन मिनिटांत खोडलं. नुसता लाल निवडला की वाल्की दिसू लागला. पण नुसत्या लाल मानावर वाल्कीही खेळता येत नाही आणि टिबाल्टही नाही, दोघांनाही काळा लागतो. उलट 'फायर आणि आइस' मात्र लाल संचात खुशाल चालतो, कारण फायर एकटा खेळता येतो. आमच्या कोल्हापुरात ताट मागवलं की तांबडा आणि पांढरा दोन्ही रस्से येतात. ज्याला तिखट झेपत नाही तो पांढऱ्यावर जेवतो, ताट परत पाठवत नाही. हा पत्ता तसला.

शेवटी नियम सापडला तो असा: निवडलेल्या रंगांत ज्याचं निदान एक तोंड पूर्ण बसतं, तो पत्ता दाखवायचा. सगळ्या तोंडांची बेरीज करायची नाही, प्रत्येक तोंड वेगळं तपासायचं. लाल निवडला तर फायर दिसतो, वाल्की नाही. काळा निवडला तर वाल्की दिसतो. काळा-लाल निवडला तर टिबाल्टसुद्धा हक्काचा.

एवढ्यावर भागलं असतं तर काय! २०२० च्या 'झेंडिकार रायझिंग' मध्ये 'पाथवे' नावाचे पत्ते आले. एका बाजूला ब्राइटक्लाइम्ब, पांढरा माना देणारी जमीन. दुसऱ्या बाजूला ग्रिमक्लाइम्ब, काळा माना देणारी. जमिनीला रंग नसतो, म्हणून नियमानं हा पत्ता बिनरंगी! वरचा नियम लावला तर तो प्रत्येक रंगात दिसणार, म्हणजे उपयोग शून्य. इथं वेगळी गोष्ट लागते, तिला खेळाडू 'रंग-ओळख' म्हणतात: पत्त्यावर कुठंही जे रंगाचं चिन्ह छापलंय ते सगळं धरायचं, मागचं तोंडसुद्धा. शंभर पत्त्यांच्या 'कमांडर' खेळात संचात काय चालेल ते यावरच ठरतं. तिथं नुसत्या लाल कमांडरच्या संचात 'फायर आणि आइस' चालत नाही, कारण त्यावर निळं चिन्ह आहे.

म्हणजे बघा, पत्ता तोच, प्रश्न तीन. आत्ता हातात असताना रंग कुठला? माझ्या मानावर हा खेळता येईल का? या संचात हा ठेवायला परवानगी आहे का? तिन्ही उत्तरं वेगळी, आणि तिन्ही बरोबर.

माझं ठाम मत असं की 'रंग' नावाचा एकच रकाना ठेवणं हीच मूळ चूक. तोंडं साठवा, छापलेली चिन्हं साठवा, रंग विचारल्यावर काढा. एका बाबतीत मात्र मित्राचं बरोबर आहे: ओळीनं लावताना पत्त्याला एकच जागा लागते, तिथं पुढचं तोंड धरा. पण लावणं वेगळं आणि शोधणं वेगळं. बुटाच्या खोक्यात पत्ता एकाच ठिकाणी राहू शकतो, ही खोक्याची अडचण आहे. ती ॲपला कशाला चिकटवायची? (फक्त मोजताना एकदाच मोजा, नाहीतर साठ पत्त्यांच्या संचात एकसष्ट दिसतील. हेही माझ्याकडून झालं.)

आणि हे फक्त माझ्यासारख्या रविवारच्या कारागिराचंच होतं असं नाही. वाल्की आला तेव्हा 'कॅस्केड' नावाची एक युक्ती होती: ठरावीक किमतीपेक्षा स्वस्त पत्ता निघाला की तो फुकट खेळायचा. खेळाडूंनी काय केलं, तर तपासणी करून घ्यायची दोन मानाच्या वाल्कीवर आणि खेळायचा सात मानाचा टिबाल्ट. शेवटी फेब्रुवारी २०२१ मध्ये नियमच बदलावा लागला, की जे तोंड खेळणार तेही स्वस्तच असलं पाहिजे. तपासायचं एक तोंड आणि चालवायचं दुसरं, यात भोक पडणारच.

हे सगळं चालू असताना मला आंबोली घाटाखालची सावंतवाडी आठवली. तिथली दशावतारी गंजिफा बघितली असेल तुम्ही, हातानं रंगवलेले गोल पत्ते. दहा अवतार, प्रत्येकी बारा पत्ते, एकूण एकशेवीस. तिथं पत्त्याला एकच तोंड. पण निम्म्या अवतारांत दहाचा पत्ता एक्क्याच्या वर आणि उरलेल्या निम्म्यांत एक्का दहाच्या वर. खेळाची सुरुवात दिवसा रामाकडून, रात्री कृष्णाकडून. पत्त्यावर हे काहीही लिहिलेलं नाही. चितारी पत्ता रंगवतो, त्याचं मोल खेळणारे डावात ठरवतात. डेटाबेस न शिकलेल्या माणसांना हे पक्कं कळलेलं होतं.

आपण मात्र माणसांनाही एका रकान्यात बसवतो. कागल ओलांडून निपाणीकडे गेलात की घरात कन्नड आणि दुकानात मराठी बोलणारी, किंवा याच्या उलट, कितीतरी कुटुंबं भेटतील. फॉर्मवर 'भाषा' असा एकच रकाना, त्यात एकच पर्याय. मग पुढचं तोंड नोंदलं जातं आणि मागचं गायब. आपल्या जनगणनेत निदान मातृभाषेशिवाय आणखी दोन भाषा सांगायची सोय आहे. पुढच्या वेळी कुठल्या फॉर्मसाठी रकाना बनवाल, तेव्हा या माहितीला कुणी कुठला प्रश्न विचारणार आहे, हे आधी विचारा. एवढंच सांगायचं होतं.

असो. ॲप दुरुस्त झालंय. आजीचे पैसे मी माझ्या खिशातून परत केले. भाच्याला म्हटलं, आता दोन वाल्की झाले, एक विकून टाक.

"विकू कशाला मामा? संचात चार चालतात. अजून दोन घेऊन दे की."

पोरगं हिशेबाला पक्कं आहे.