वेगाचे मोल

१९६९ साली तीन आठवड्यांच्या अंतराने दोन प्रवासी विमानांनी प्रथमच आकाशात झेप घेतली. ९ फेब्रुवारीस अमेरिकेत ‘बोइंग ७४७’ उडाले. २ मार्चला फ्रान्समधील तुलूज येथून ‘कॉन्कॉर्ड’ उडाले. पहिले अंगाने अवाढव्य, म्हणून लोक त्याला ‘जंबो’ म्हणू लागले. दुसरे बगळ्यासारखे सडपातळ. कॉन्कॉर्ड इंग्लंड व फ्रान्स यांनी मिळून बांधले होते. थोड्याच वर्षांत सारे प्रवासी ध्वनीहून अधिक वेगाने जाऊ लागतील आणि जंबोला केवळ मालाची ने-आण करावी लागेल, असे त्या वेळी पुष्कळ जाणत्यांनाही वाटत होते. घडले नेमके उलट. आणि जे घडले ते योग्यच घडले, असे विचारांती म्हणावे लागते.

कॉन्कॉर्डचे सामर्थ्य अद्‌भुत होते, यात शंका नाही. जंबोचा वेग ताशी सुमारे ९०० किलोमीटर, तर कॉन्कॉर्डचा २,१०० किलोमीटरांहून अधिक. लंडन ते न्यूयॉर्क या प्रवासास जंबोला सात-आठ तास लागत. कॉन्कॉर्ड साडेतीन तासांत पोचे. सकाळी लंडनहून निघालेला प्रवासी न्यूयॉर्कला उतरे, तेव्हा तेथील घड्याळात निघण्याच्या वेळेहून तासभर आधीची वेळ दिसे! सूर्यालाही त्याने मागे टाकलेले असे. सुमारे अठरा किलोमीटर उंचीवर, बाहेरची हवा गोठवणारी थंड असूनही, हवेच्या दाबाने व घर्षणाने विमानाचे नाक उकळत्या पाण्याहून अधिक तापे आणि त्याचे शरीर पंधरा सेंटिमीटरांहून अधिक लांब होई.

परंतु या वेगाचे मोल काय पडले? होडी वेगाने जाऊ लागली म्हणजे तिच्या नाळेपाशी पाण्याची लाट उभी राहते. ध्वनीहून वेगाने जाणाऱ्या विमानापुढेही हवेची तशीच दाट लाट उभी राहते. ती फोडीत जाण्यासाठी इंधन अफाट जळते. कॉन्कॉर्ड शंभरेक प्रवाशांना घेऊन अटलांटिक महासागर ओलांडी. जवळजवळ तेवढ्याच इंधनात जंबो साडेतीनशे माणसे पलीकडे नेई. साहजिकच कॉन्कॉर्डचे भाडे धनिकांनाच परवडे.

शिवाय ही लाट जमिनीपर्यंत येते आणि विमानाच्या संपूर्ण मार्गावर तोफेसारखा गडगडाट उठवते. मूठभर प्रवाशांचे चार तास वाचावेत म्हणून खाली राहणाऱ्या लक्षावधींनी दचकून उठावे, हा कोठला न्याय? अमेरिकेने १९७३ साली आपल्या भूमीवरून अशा प्रवासी उड्डाणांस बंदी घातली. भारतानेही आपल्या भूमीवरून ध्वनीहून अधिक वेगाने जाण्यास कॉन्कॉर्डला अनुमती दिली नाही. समुद्रावर सिंह आणि जमिनीवर शेळी, अशी त्या विमानाची अवस्था झाली.

एअर इंडियानेही दोन कॉन्कॉर्ड विमाने आगाऊ राखून ठेवली होती. पुढे तो बेत सोडून दिला. १९७१ साली मात्र तिचे पहिले जंबो मुंबईस आले. ‘सम्राट अशोक’ असे त्याचे नाव. आखाती देशांत कामाला निघालेला गवंडी किंवा परदेशी शिकावयास जाणारा विद्यार्थी जंबोसारख्या विमानांत बसू शकला, ही गोष्ट लहान नव्हे.

कॉन्कॉर्ड १९७६ पासून २००३ पर्यंत प्रवाशांना घेऊन उडाले. त्यांपैकी चौदाच विमाने या सेवेत होती. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ एका कॉन्कॉर्डला भीषण अपघात होऊन ११३ माणसे मृत्यू पावली. पण तो झाला नसता तरी वाढता खर्च त्याला फार काळ उडू देता ना. आता गडगडाट सौम्य करण्याचे प्रयोग अमेरिकेत चालू आहेत. ते सफल झाले, तरी इंधनाचा प्रश्न उरतोच.

१९९६ साली न्यूयॉर्कहून लंडनला तीन तासांच्या आत पोचून उच्चांक करणारे कॉन्कॉर्ड आज न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयात उभे आहे. युरोपातील प्रवासी सात-आठ तास विमानात बसून ते पाहावयास येतात.