शब्दांची ये-जा

पात्राने रंगभूमीवर केव्हा यावे आणि केव्हा जावे, हे ठरलेले असते. तिसऱ्या अंकातला पाहुणा पहिल्याच अंकात येऊन उभा राहिला, तर नाटकाचे मातेरे व्हायचे! पडद्यावरच्या शब्दांचेही असेच आहे. पॉवरपॉइंट १९८७ साली बाजारात आले, त्याच वर्षी ते मायक्रोसॉफ्टच्या घरी गेले आणि आता शाळेच्या प्रकल्पापर्यंत येऊन पोहोचले आहे. त्याच्या पोतडीत अक्षरे नाचवण्याची जी विद्या आहे, तिचे नाव ॲनिमेशन.

गेल्या वर्षी आमच्या वर्गात माण तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याने आजीकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्यांवर निबंध वाचला. जोडीला पडदा होता. ‘दुष्काळ’ हा शब्द चेंडूसारखा उड्या मारीत आला, ‘पाणी’ गिरक्या घेत अवतरले आणि ‘आजी’ तर विमानासारखी उजवीकडून घुसली. वर्ग खो खो हसला. पोराचा चेहरा उतरला. निबंध उत्तम होता हो. पण तो ऐकला कोणी?

तास संपल्यावर तो म्हणाला, “सर, सगळे काढूनच टाकू का?”

“नको रे. उड्या काढ, क्रम ठेव.”

मग दोघे संगणकापुढे बसलो. या करामतींचे चार वर्ग आहेत : प्रवेश, भर, निर्गमन आणि आखलेल्या वाटेने चालणे. पहिल्या तिघांची खूण म्हणजे अनुक्रमे हिरवा, पिवळा नि तांबडा तारा. ‘ॲनिमेशन पेन’ उघडला की कोण कोणामागून येणार याची यादी समोर येते. नको ते तिथेच पुसावे, जागा चुकलेले वर-खाली सरकवावे. शब्दाला बोलावण्याच्या रीती तीन. ‘ऑन क्लिक’ म्हणजे वक्त्याने खूण केल्यावर, ‘विथ प्रीव्हियस’ म्हणजे आधीच्याच्या जोडीने, आणि ‘आफ्टर प्रीव्हियस’ म्हणजे आधीचे आटोपताच आपोआप. बोलणाऱ्याला पहिली रीत बरी. कुणी शंका विचारली, आवंढा दाटला, तरी पुढचा शब्द मुकाट थांबून राहतो. पानामागून पान आणणारे ‘ट्रान्झिशन’ हे खाते निराळे. तिथे सगळ्या पानांना एकच साधी तऱ्हा पुरते.

आम्ही ओवीची प्रत्येक ओळ वेगळा परिच्छेद केली, ‘अपिअर’ हा साधा प्रवेश दिला आणि ‘इफेक्ट ऑप्शन्स’मध्ये ‘बाय पॅरेग्राफ’ निवडले. बाकीचे तारे पुसले. पुढच्या आठवड्यात त्याने तोच निबंध पुन्हा वाचला. तो एक ओळ म्हणे, तेवढीच पडद्यावर उमटे. पुढची दिसत नसल्यामुळे सारे त्याच्या तोंडाकडे पाहत होते. त्याची आजी घागर घेऊन किती लांब जाई, हे त्या दिवशी वर्गाला कळले. मागच्या बाकावरची मंडळीसुद्धा गप्प होती.

या सुट्टीत तुमच्याही घरी मुले प्रकल्पाला बसतील. हौस त्यांनी जरूर करावी. वाढदिवसाच्या चित्रमालेत फुगे खुशाल उडू देत! पण जिथे काही सांगायचे आहे, तिथे आईवडिलांनी शेजारी बसून एवढेच विचारावे : “बाळ, हा शब्द हलतोय तो कशासाठी?” उत्तर सापडले तर हलू द्यावा. नाही सापडले तर त्याला गुपचूप जागेवर बसवावे आणि मुलाला म्हणावे, “आता तू बोल, आम्ही ऐकतो.”