विहंगवाटी बांधण्यापूर्वीं

गेल्या महिन्यांत एका वाचक गृहस्थांचें पत्र आलें. घरांत तिघा भावांचीं मिळून सात मुलें आहेत आणि त्या सर्वांनीं एकजुटीनें पांखरें पाळण्याचा हट्ट धरला आहे. बाजारांत मिळतो तो टांगता पिंजरा घ्यावा, कीं परसांत जाळीचें मोठें घर बांधावें, आणि बांधावयाचें तर कसें, असा त्यांचा प्रश्न आहे. या प्रश्नाचें उत्तर केवळ पुस्तकें वाचून देतां आलें असतें, तर बरें झालें असतें. दुर्दैवानें मला तें अनुभवावरूनहि देतां येतें.

ही हौस आपल्याकडे नवी नाहीं. मृच्छकटिकाच्या चौथ्या अंकांत विदूषक वसंतसेनेचा वाडा पाहात हिंडतो, तेव्हां सातव्या चौकांत त्याला विहंगवाटी, म्हणजे पांखरांसाठीं मुद्दाम केलेली जागा, आढळते. वात्स्यायनानें चौसष्ट कलांत पोपट-मैनांना बोलावयास शिकविण्याची कला गणली आहे. परंतु या परंपरेचा हवाला देऊन कोणी पोपट घरीं आणूं म्हणेल, तर त्याला प्रथमच थांबविलें पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वयें आपल्या देशांतील पोपट, मैना, मुनिया वगैरे रानपांखरें पकडणें, विकणें वा पिंजऱ्यांत ठेवणें हा गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, बाणभट्टाच्या कादंबरींत वृद्ध शबर शाल्मली वृक्षावर चढून पोपटांच्या पिलांचा संहार करतो, तो प्रसंग ज्यानें वाचला आहे, त्याला रानांतून धरून आणलेलें पिलूं विकत घेववणार नाहीं.

घरीं ठेवावयाचीं तीं पिढ्यान् पिढ्या माणसाच्या घरींच वाढलेल्या परदेशी जातींचीं पांखरें असावींत. नवशिक्यास दोन जाती सोयीच्या : बजरीगर आणि झेब्रा फिंच. दोहोंचें मूळ ठिकाण ऑस्ट्रेलिया. बजरीगरास आपल्याकडील बाजारांत ‘लव्हबर्ड’ म्हणतात, पण तें नांव चुकीचें आहे. खरे लव्हबर्ड आफ्रिकेंतले. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञानें १८४० सालीं जिवंत बजरीगर इंग्लंडांत नेले आणि तेथून हें पांखरूं जगभर पसरलें. उपरोक्त अधिनियमांत २०२२ सालीं जी दुरुस्ती झाली, तिच्यामुळें कित्येक परदेशी जातींची नोंदणी आतां आवश्यक झाली आहे. म्हणून याहून वेगळी जात आणावयाची झाल्यास वनखात्याकडे आधीं चौकशी करावी.

आतां माझी हकीकत. सहा वर्षांपूर्वीं आठ वर्षांच्या नातीसाठीं मीं स्वतः एक जाळीघर बांधलें. सुतारकामाची मला जुनी आवड. सागवानी चौकट, वर डौलदार घुमट, सभोंवतीं कोंबड्यांना लावतात ती षट्कोनी जाळी, आणि खालीं मातींत लावलेली हिरवळ. येणारे-जाणारे थांबून पाहात आणि वाखाणीत. त्यांत चार बजरीगर सोडले. श्रावणांतील एका रात्रीं उंदरांनीं चौकटीखालून बीळ काढलें. सकाळीं पाहतों तों तीन पांखरें मरून पडलेलीं. चौथें घुमटाच्या जाळीला बिलगून थरथरत होतें. नातीनें विचारलें, “आजोबा, रात्रीं दार लावलें होतें ना?”

दार लावलें होतें. त्यांतच तर घात झाला. दार उघडें असतें तर तीं चारहि उडून गेलीं असतीं.

चाळीस वर्षें मीं मुलांना शिकविलें, पण त्या प्रश्नानें मला जें शिकविलें, तें मला कोणत्याहि ग्रंथांत मिळालें नव्हतें. रानांत पांखराचें रक्षण त्याचे पंख करतात. ऊन लागलें तर तें सावलींत जातें, पाऊस आला तर पानांआड दडतें, शत्रु आला तर उडतें, दाणा संपला तर दुसऱ्या शेतांत उतरतें, सोबत्याशीं बिनसलें तर दुसऱ्या फांदीवर जाऊन बसतें. आपण जाळी लावली कीं हे सर्व मार्ग एकदम बंद होतात. जो मार्ग आपण बंद केला, त्याचें काम आपल्याच शिरावर येतें. मीं पाहणाराच्या डोळ्यांसाठीं घर बांधलें होतें; बांधावयास हवें होतें पांखराच्या जिवासाठीं. पुढील सर्व सूचना या एका गोष्टींतून निघाल्या आहेत.

प्रथम आकार. पांखरूं आडवें उडतें, विहिरींतल्या पोहऱ्यासारखें वर-खालीं जात नाहीं. म्हणून उंच घुमट निरुपयोगी; लांबी महत्त्वाची. ८ फूट लांब, ४ फूट रुंद आणि साडेसहा फूट उंच असें घर चार जोड्यांना पुरतें, आणि आपल्याला आंत उभें राहून झाडलोट करतां येते. बाजारांतील गोल टांगता पिंजरा शोभेला बरा. त्यांत पंख पसरतां येतात, पण उडतां येत नाहीं.

जमीन आणि भिंत. मातीची जमीन ठेवूं नये. दीड फूट खोल पाया घेऊन वर तितकीच विटांची भिंत घालावी आणि आंत सिमेंटचा कोबा करावा. त्याला एका कोपऱ्याकडे उतार देऊन तेथें पाणी जाण्यास जाळीचें भोंक ठेवावें. जाळी अर्ध्या इंचाच्या चौकोनांची, जोडकाम केलेल्या तारेची घ्यावी. उंदराचीं पिलें तिच्यांतूनहि शिरतात, म्हणून खालच्या दोन फुटांस पाव इंचाची जाळी लावावी. मांजराचा पंजा जेथें पोंचतो, तेथें दोन इंचांच्या अंतरावर दुसरी जाळी बाहेरून बसवावी. बजरीगर लाकूड कुरतडतात, यास्तव आंतील जाळी चौकटीच्या आंतल्या बाजूनेंच ठोकावी. नव्या तारेवर जस्ताचा मुलामा असतो. त्याचे सुटे कण पोटांत गेल्यास पांखरांना विषबाधा होते. म्हणून नवी जाळी व्हिनेगर लावून ब्रशानें घांसावी, स्वच्छ धुवावी आणि मगच बसवावी.

दार. एकच दार असेल तर तें उघडतांच एखादें पांखरूं बाहेर जातें. आणि पिंजऱ्यांत जन्मलेलें हें परदेशी पांखरूं बाहेर फार काळ तगत नाहीं. यासाठीं दारापुढें एक माणूस उभा राहील एवढी जाळीची लहान पडवी करून तिला दुसरें दार लावावें. बाहेरचें दार लागल्यावांचून आंतलें उघडावयाचें नाहीं, हा नियम लहानथोरांनीं सारखा पाळावा. कडी बाहेरून लावतां येईल तशी आंतूनहि लावतां आली पाहिजे.

दिशा आणि छप्पर. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि दुपारचें ऊन पश्चिमेकडून भाजतें. म्हणून पश्चिम व दक्षिण या बाजू भिंतीनें बंद कराव्या आणि पूर्व मोकळी ठेवावी, म्हणजे कोंवळें ऊन आंत येईल. छपराचा निदान अर्धा भाग कौलांनीं झांकावा; नुसता पत्रा उन्हाळ्यांत तव्यासारखा तापतो. कौलांखालीं जाळी हवीच.

दांड्या. सुताराकडून एकसारख्या गुळगुळीत दांड्या करवून घेऊं नयेत. सदैव एकाच जाडीवर बसून पांखरांच्या तळपायांस फोड येतात. पेरूच्या वा कडुलिंबाच्या फांद्या, कांहीं करंगळीएवढ्या तर कांहीं आंगठ्याएवढ्या, दोन्ही टोकांना बसवाव्या आणि मधली जागा उडण्यास मोकळी सोडावी. कण्हेर विषारी आहे. तिची काडीहि आंत जाऊं देऊं नये. अन्नपाण्याचीं भांडीं दांडीच्या बरोबर खालीं ठेवूं नयेत, याचें कारण सांगण्याची गरज नाहीं.

अन्न. राळे, वरी आणि बाजरी हें मुख्य अन्न. जोडीस रोज धुतलेली कोथिंबीर वा मेथी, आणि टांचणीला अडकविलेला समुद्रफेन, ज्यांतून चुना मिळतो. खारट पदार्थ, चॉकोलेट आणि एव्होकाडो कधींहि देऊं नयेत. येथें एक फसवणूक ध्यानांत ठेवावी. हीं पांखरें दाणा सोलून खातात आणि टरफल वाटींतच टाकतात. वाटी भरलेली दिसते आणि पांखरूं उपाशी असतें! रोज सकाळीं वाटीवर फुंकर घालून मगच ती भरली आहे असें म्हणावें.

सोबत. बजरीगर हें कळपाचें पांखरूं आहे. एकटें ठेवणें म्हणजे त्याला एकांतवासाची शिक्षा देणें होय. मात्र बजरीगर आणि फिंच एकत्र ठेवूं नयेत. बजरीगराच्या चोंचीपुढें तें चिमुकलें फिंच टिकत नाहीं. नवीन पांखरूं आणल्यास महिनाभर निराळें ठेवून मग इतरांत सोडावें. बजरीगरांना मडकीं टांगलीं कीं अंडीं होतात. अठरा दिवसांनीं पिलें निघतात आणि सुमारें पांच आठवड्यांनीं घरट्याबाहेर येतात. पिलांची सोय मनांत ठरलेली नसेल, तर मडकीं टांगूंच नयेत.

आतां घरांतील मंडळींविषयीं. विष्ठेच्या धुळीपासून माणसालाहि रोग जडूं शकतो. म्हणून झाडण्यापूर्वीं जमीन ओली करावी, नाकातोंडाला फडकें बांधावें आणि नंतर हात साबणानें धुवावे. घरांत कोणाला दमा असेल, तर हा नाद करूंच नये. पक्षिगृह स्वयंपाकघराच्या खिडकीपासून दूर असावें. फार तापलेल्या नॉनस्टिक तव्याची वाफ पांखरांना तत्काळ मारते. दिवाळींत फटाक्यांच्या आवाजानें तीं अंधारांत जाळीवर आपटतात. त्या रात्रीं भोंवतीं जाड कापड सोडून आंत मंद दिवा ठेवावा.

आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, बजरीगर नीट ठेवल्यास पांच ते दहा वर्षें जगतो. आज हट्ट धरणारा नातू तोंपर्यंत कॉलेजांत गेलेला असेल. एकत्र कुटुंबांत जें सर्वांचें काम, तें पुष्कळदां कोणाचेंच नसतें. म्हणून पाणी कोण बदलील, झाडलोट कोण करील, आणि लग्नकार्याला सर्वजण गांवीं गेले तर मागें कोण राहील, हें विटा आणण्याच्या आधीं कागदावर लिहून घ्यावें. कागद भरला नाहीं, तर विटा आणूं नयेत. अशा घरीं परसांत पसरट भांड्यांत पाणी ठेवावें आणि पेरूचें एखादें झाड लावावें. येणाऱ्या पांखरांना दार लागत नाहीं, आणि त्यांचें ऋणहि आपल्यावर राहत नाहीं.

माझ्या दुसऱ्या घराला घुमट नाहीं. तें दिसावयास एखाद्या कोठारासारखें आहे आणि कोणी थांबून वाखाणीत नाहीं. वाचलेलें तें चौथें पांखरूं त्यांत आणखी चार वर्षें, तीन नव्या सोबत्यांसह राहिलें. नात आतां चौदा वर्षांची झाली आहे. अजूनहि ती निजण्यापूर्वीं कंदील घेऊन जाते, दोन्ही कड्या पाहते, आणि मग वाकून पायाच्या कडेनें हात फिरवून पाहते. मीं तिला तसें कधीं सांगितलें नव्हतें.