सॅक्सोफोन राहील; त्याच्या सावलीचे काय?

२००७ साली जपानमधल्या शिझुओका शहरात क्लोद देलाँग्ल हा फ्रेंच वादक सॅक्सोफोन घेऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्या साथीला माणूस नव्हता, संगणक होता. रचना इटालियन संगीतकार मार्को स्त्रोप्पा यांची, नाव ‘ऑफ सायलेन्स’. संगणकात आर्शिया काँत या संशोधकाने लिहिलेला ‘आन्तेस्कोफो’ नावाचा प्रोग्राम चालू होता. त्याचे काम साथीदाराचे. वादक कुठल्या स्वरावर आला आहे, लय ओढतो आहे की सैल सोडतो आहे, हे ऐकायचे आणि त्या बेताने आपला आवाज सोडायचा. चांगला तबलजी गायकाच्या श्वासाकडे कान लावून बसतो, तशातलाच प्रकार. इलेक्ट्रॉनिक संगीतात तोवर बहुधा वादकच यंत्राच्या मागे धावत असे. इथे यंत्र वादकाच्या मागे चालत होते.

सॅक्सोफोन आणि लाइव्ह इलेक्ट्रॉनिक्स या जोडीसाठी गेल्या चाळीस वर्षांत युरोप-अमेरिकेत जे लिहिले गेले, त्यातला बराच भाग मला खरोखर मोलाचा वाटतो. म्हणूनच एक अडचणीचा प्रश्न विचारायचा आहे. यातली एखादी रचना आणखी पन्नास वर्षांनी कोणाला वाजवावीशी वाटली, तर त्या वादकाच्या हाती नेमके काय पडेल?

सॅक्सोफोनची काळजी नाही. आदोल्फ साक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ मध्ये पॅरिसला त्याचे पेटंट घेतले. पॅरिसच्या संगीत विद्यालयातला त्याचा वर्ग १८७० मध्ये बंद पडला आणि पुन्हा सुरू झाला तो थेट १९४२ मध्ये, मार्सेल म्यूल यांच्या हाताखाली. बहात्तर वर्षांचा खंड! तरी वाद्य गेले नाही. लष्करी बँडनी ते वाजवले, जॅझवाल्यांनी त्याला घरचे केले, आणि दरम्यान जे थोडेफार लिहिले गेले ते कागदावर असल्यामुळे नंतरच्यांना वाचता आले. आजही अडगळीतून निघालेल्या पन्नास वर्षांपूर्वीच्या सॅक्सोफोनला नवे पॅड बसवले, नवी रीड लावली की तो बोलू लागतो. लाइव्ह इलेक्ट्रॉनिक्सला बहात्तर सोडा, सात वर्षांचा खंड सोसेल का, याचीच शंका आहे.

ही शंका कुठून येते ते पाहू. वाद्यासमोर माइक असतो. आवाज संगणकात जातो, तिथे त्याचे काहीतरी केले जाते आणि तो लाउडस्पीकरमधून परत येतो. काही क्षण उशिराने येतो, वरच्या-खालच्या स्वरांत येतो, बारीक चुरा होऊन येतो, किंवा सभागृहभर फिरत येतो. हे ‘काहीतरी’ ज्यात लिहिलेले असते त्याला या धंद्यात ‘पॅच’ म्हणतात. बहुतेक पॅच ‘मॅक्स’ या प्रणालीत लिहिलेले असतात. म्हणजे रचनेचे दोन भाग झाले. सॅक्सोफोनचा भाग स्वरलिपीत, कागदावर, उरलेला पॅचमध्ये. पहिला माणसाला वाचता येतो. दुसरा फक्त विशिष्ट काळातल्या विशिष्ट यंत्राला.

आणि यंत्रांचा काळ फार लहान. पॅरिसच्या इरकाम या संस्थेचेच उदाहरण घ्या. पिएर बुलेझ यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही संस्था म्हणजे या संगीताची पंढरीच. तिथे ज्युसेप्पे दि जुन्यो यांनी ‘फोर-एक्स’ नावाचे अवाढव्य यंत्र बांधले. बासरीवादक लॉरेन्स बोरगार यांनी आपली बासरी संगणकाला ‘ऐकू’ यावी म्हणून तिथे खटपट केली. ते १९८५ मध्ये अकाली गेले. त्यांच्या स्मृतीला वाहिलेली फिलिप मानूरी यांची ‘ज्युपिटर’ ही बासरी आणि लाइव्ह इलेक्ट्रॉनिक्ससाठीची रचना १९८७ मध्ये याच यंत्रावर झाली, आणि वादकामागून जाणारा संगणक पहिल्यांदा रंगमंचावर आला. त्यासाठी मिलर पकेट यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधूनच पुढे ‘मॅक्स’ घडले. मग फोर-एक्स जुने झाले. रचना नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर बांधलेल्या नव्या यंत्रावर उतरवल्या गेल्या. नेक्स्टने १९९३ मध्ये संगणक बनवणेच बंद केले. मग त्या मॅकिन्टॉशवर आल्या. मॅकची चिप बदलली, पुन्हा बदलली. २०१९ मध्ये अ‍ॅपलने बत्तीस-बिट प्रोग्राम चालवणेच थांबवले आणि पुढच्या वर्षी तिसऱ्यांदा चिप बदलली. दर वेळी कोणीतरी बसून जुन्या रचना नव्या यंत्रावर उतरवायच्या. इरकामकडे पैसा आहे, माणसे आहेत, आपल्या रचनांची नोंद ठेवणारा ‘सिडनी’ नावाचा संग्रह आहे. म्हणून ‘ज्युपिटर’ आज वाजते. ज्या शेकडो रचना एखाद्या विद्यापीठाच्या खोलीत, एका वादकासाठी, एका लॅपटॉपवर झाल्या, त्यांच्या वाट्याला हे भाग्य नाही. तो लॅपटॉप गेला की रचनेचा अर्धा देह गेला.

यातली गंमत (कडवट गंमत) अशी की लाइव्ह इलेक्ट्रॉनिक्स आले ते टेपला कंटाळून. टेप बहिरी असते, वादक थांबला तरी ती थांबत नाही, ती मेलेली आहे, अशी तक्रार होती. तक्रार खरीच होती. पण जाँ-क्लोद रिसे यांनी १९८७ मध्ये दानिएल किएन्त्झी यांच्यासाठी लिहिलेली ‘व्ह्वालमाँ’ ही टेनर सॅक्सोफोन आणि टेपची रचना आज कोणालाही वाजवता येते. टेपवरचा आवाज एका साध्या ध्वनी-फाइलीत मावतो. ती वाजवायला काहीही चालते. ‘मेलेली’ टेप टिकली आणि ‘जिवंत’ म्हणवणारे इलेक्ट्रॉनिक्स दर दहा वर्षांनी अतिदक्षता विभागात.

मग लाइव्ह इलेक्ट्रॉनिक्स लिहूच नये का? तसे मुळीच नाही. कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन यांची ‘सोलो’ ही १९६६ची रचना पाहा. कुठलेही एक स्वरवाद्य आणि टेपवरून परत येणारे त्याचेच प्रतिध्वनी, एवढाच तिचा मामला. तेव्हा त्यासाठी टेपची लांबलचक माळ ओवावी लागे आणि बटणे सांभाळायला चार मदतनीस बसत. ती यंत्रणा केव्हाच मोडीत गेली. तरी सॅक्सोफोनवादक आज ही रचना एका लॅपटॉपवर, कधी कधी एकट्याने, वाजवतात. कारण कुठल्या क्षणी कोणता माइक उघडायचा, किती वेळाने आवाज परतायचा, कुठे तो तोडायचा, हे सगळे स्टॉकहाउझेन यांनी कागदावर लिहून ठेवले. यंत्राचे नाव त्यांनी रचनेचा गाभा होऊ दिले नाही. अमेरिकन टेरी रायली यांनी साठच्या दशकात सोप्रानो सॅक्सोफोनवर जे केले, तेही असेच दोन ओळींत सांगता येते. दोन टेपरेकॉर्डर, त्यांच्यामधून जाणारी एकच टेप. पहिला ध्वनी टिपतो, दुसरा तो थोड्या वेळाने ऐकवतो आणि वादक त्यावर पुढचे चढवत जातो. हेच रायली १९७० मध्ये किराणा घराण्याचे पं. प्राणनाथ यांचे शिष्य झाले. आपल्या आवर्तनाच्या आवर्तनांवर वाढणारे संगीत करणाऱ्या माणसाला किराण्याचा संथ आलाप भावला, यात नवल नाही.

बुलेझ यांची १९८५ची ‘दिआलोग द लोंब्र दुब्ल’ मूळ क्लॅरिनेटची. पुढे व्हॅन्साँ दाव्हिद यांनी ती सॅक्सोफोनवर आणली. त्यात वादक आपल्याच ध्वनिमुद्रित सावलीशी बोलतो. सावली सभागृहातल्या लाउडस्पीकरमधून फिरते आणि काही जागी पडद्यामागच्या पियानोच्या तारांतून तिचा घुमारा उमटतो. सावलीचे सूरही स्वरलिपीत लिहिलेले आहेत. म्हणजे नवा वादक स्वतःची सावली स्वतः मुद्रित करू शकतो. रचना क्लॅरिनेटवरून उठून सॅक्सोफोनवर येऊ शकली, ती यामुळेच.

याच्या उलट उदाहरण लुचानो बेरिओ यांचे. त्यांनी १९८० मध्ये क्लॅरिनेट आणि डिजिटल यंत्रणेसाठी एक रचना केली आणि नंतर मागे घेतली. कारणे त्यांची त्यांना ठाऊक. पण त्यातून क्लॅरिनेटचा एकट्याचा भाग ‘सेक्वेन्झा ९’ म्हणून वेगळा निघाला, पुढच्या वर्षी तो आल्टो सॅक्सोफोनसाठी बेतला गेला, आणि आज सॅक्सोफोनच्या गंभीर विद्यार्थ्याला तो चुकत नाही. कागद राहिला, यंत्रणेचा भाग इतिहासाच्या तळटिपेत गेला.

सॅक्सोफोनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी संगणकवाले उघड बोलत नाहीत. आजच्या रचनाकारांना या वाद्याचे वेड लागले ते त्याच्या आडवळणी आवाजांमुळे. एकाच फुंकीत दोन-तीन स्वर बोलणे, जिभेने रीडला चापट मारणे, नुसता वारा, नुसता चाव्यांचा खडखडाट. किएन्त्झी यांनी १९८२ मध्ये या बहुस्वरी आवाजांची पुस्तकभर यादीच छापली. आणि नेमके हेच आवाज वादकामागून जाणाऱ्या संगणकाला घोटाळ्यात पाडतात. एका फुंकीत तीन स्वर आले तर त्याने कोणता धरायचा? त्यात लाउडस्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरतो आणि यंत्र स्वतःलाच ऐकू लागते. तालमीच्या खोलीत जे बिनचूक चालते ते मोठ्या घुमणाऱ्या सभागृहात वाट चुकते. म्हणून कित्येक वादक शेवटी पायाखाली एक पेडल ठेवतात आणि पुढचा टप्पा स्वतःच दाबतात. मला यात कमीपणा वाटत नाही. पेडल केव्हा दाबायचे हे कागदावर एका आकड्याने लिहिता येते. संगणकाचे कान कसे होते, हे लिहिता येत नाही.

आणि मग तो संगणकामागे बसलेला माणूस. फ्रान्समध्ये त्याला स्वतंत्र पदनाम आहे. बुलेझ यांच्याबरोबर अँड्र्यू गर्झो यांनी हे काम वर्षानुवर्षे केले. रचनाकार म्हणतो, ‘इथे आवाज धुक्यासारखा पसरू दे.’ धुके प्रत्यक्षात हा माणूस बनवतो. किती दाट, किती वेळ, कोणत्या उंचीवर, हे त्याच्या बोटांत आणि पॅचमधल्या आकड्यांत असते. कार्यक्रमपत्रिकेवर नाव आले तर बारीक अक्षरात. तो निवृत्त झाला की धुके विरते. पं. भातखंड्यांच्या स्वरलिपीला लोक सांगाडा म्हणून हसले. गायकी त्यात उतरत नाही हे खरेही होते. पण सांगाडा होता म्हणून गुरूकडे जाताना शिष्याच्या हाती काहीतरी होते. इथे गुरूही एका संस्थेत नोकरीला आणि सांगाडाही बंद फाइलीत.

यावर एक उत्तर नेहमी मिळते. संगीत क्षणाचेच असते, नाहीसे होऊ द्या की! मुक्त वादन करणाऱ्यांच्या तोंडी हे शोभते. जॉर्ज लुईस यांचा ‘व्हॉयेजर’ हा संगणक-साथीदार १९८७चा. रॉस्को मिचेल त्याच्यासमोर सॅक्सोफोन घेऊन उभे राहिले, तेव्हा दर वेळी वेगळेच काही व्हावे हीच अपेक्षा होती. पण जो रचनाकार सॅक्सोफोनच्या एकेका स्वरावर तीन-तीन खुणा करतो, श्वास कुठे घ्यायचा तेही लिहितो, त्याने उरलेल्या अर्ध्या रचनेपुरते क्षणभंगुरतेचे तत्त्वज्ञान सांगू नये. ते तत्त्वज्ञान नव्हे, आळस आहे.

हा प्रश्न पॅरिसचाच नाही. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर आला. डेव्हिड ट्यूडर यांनी तो बसवला, गीता साराभाईंसह काही मोजक्या मंडळींनी त्यावर काम केले. पुढची चाळीसेक वर्षे ते सारे विस्मरणात गेले. त्यातले निवडक संगीत २०२३ मध्ये प्रसिद्ध होऊ शकले, ते टेपच्या रिळांवर होते म्हणून. आज पुण्या-मुंबईत नाटकाचे पार्श्वसंगीत, नृत्याची साथ, कधी एखाद्या वादकाबरोबरचा प्रयोग लॅपटॉपवरच बेतला जातो. पाच वर्षांनी नाटक पुन्हा उभे करायचे म्हटले की फाइल उघडत नाही, किंवा उघडते तेव्हा तिला हवा असलेला जोडप्रोग्राम विकत मिळत नाही. मग आठवणीवर नवे काहीतरी केले जाते आणि जुने नाव लावले जाते.

उपाय महागडे नाहीत. यंत्राने काय करायचे ते माणसाच्या भाषेत आणि आकड्यांत लिहा. किती सेकंदांचा विलंब, किती श्रुतींचा फरक, कोणत्या स्वरावर सुरू, कोणत्यावर बंद. प्रत्येक आवाजाचा नमुना साध्या ध्वनी-फाइलीत ठेवा. शक्य असेल तिथे पकेट यांनीच नंतर लिहिलेल्या, सर्वांसाठी खुल्या ‘प्युअर डेटा’सारख्या साधनात काम करा, त्याचा आतला मजकूर निदान उघडून वाचता तरी येतो. मागे बसणाऱ्याचे नाव रचनाकाराच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात छापा.

आणि ज्या संस्था, महोत्सव, वादक अशा रचना पैसे देऊन लिहून घेतात, त्यांना एक विनंती. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी रचनेची संहिता एका अनोळखी सॅक्सोफोनवादकाला आणि एका अनोळखी तंत्रज्ञाला द्या, रचनाकाराला त्या दिवशी खोलीबाहेर बसवा, मूळ लॅपटॉप कुलपात ठेवा. ते दोघे संध्याकाळपर्यंत रचना उभी करू शकले, तर पैसे द्या.