परवाना असलेला काळा माणूस

दोस्तहो, अमेरिकेत बंदुकीवरून भांडण चाललंय. आजकालचं नाही, पिढ्यान् पिढ्यांचं. एक टोळी म्हणते, बंदूक बाळगणं हा आमचा हक्क. १७९१ सालची दुसरी घटनादुरुस्ती ती बिल्ल्यासारखी छातीवर लावून फिरते. दुसरी टोळी म्हणते, बंदुका आवरा, शाळेतली पोरं मरतायत. मरतायत हे खरंच आहे. २०१२ साली सँडी हुकच्या शाळेत २० पोरं मेली. २०२२ साली युवाल्डीच्या शाळेत १९ मेली आणि हत्यारबंद पोलीस तासाभराहून जास्त वेळ व्हरांड्यात उभे राहिले. आपल्याकडची इंग्रजी पेपर वाचणारी मंडळी चहाचा घोट घेत म्हणतात, काय येडा देश आहे!

मी म्हणतो, येडा कसला, पक्का हिशेबी देश आहे. बंदूक कुणाच्या हातात असावी आणि कुणाच्या हातात दिसली की त्याला गोळी घालावी, याची खातेवही तिथे पहिल्यापासून चोख लिहिलेली आहे. आपण ती उघडून वाचू.

पान पहिलं, १८५७. ड्रेड स्कॉट नावाचा गुलाम कोर्टात गेला, मला मोकळं करा म्हणाला. सुप्रीम कोर्टाचा सरन्यायाधीश टॉनी याने निकाल दिला की काळा माणूस या देशाचा नागरिक होऊच शकत नाही. का? तर याला नागरिक मानलं की हा वाटेल तिथे फिरेल, जाहीर सभा घेईल आणि जाईल तिथे हत्यार बाळगेल! म्हणजे हक्क काय चीज आहे हे टॉनीला नीट कळत होतं. म्हणूनच त्याने तो काळ्याला दिला नाही.

पान दुसरं, १८६५. यादवी युद्ध संपलं, गुलामी कागदावर मेली. त्याच साली मिसिसिपी राज्याने कायदा केला : सुटलेल्या गुलामाने परवान्याशिवाय बंदूक ठेवायची नाही. गोऱ्याला असला परवाना नको. पान तिसरं, १८७३. लुइझियानात कोलफॅक्स गावी गोऱ्यांच्या हत्यारबंद झुंडीने कोर्टाच्या इमारतीत जमलेल्या काळ्यांना घेरून मारलं. शरण आलेल्यांनाही सोडलं नाही. खटला वर गेला. १८७६ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दुसरी घटनादुरुस्ती फक्त केंद्राचे हात बांधते. शेजाऱ्याने हत्यार हिसकावलं तर आपल्या राज्याकडे जा. राज्यं कुणाच्या ताब्यात जात होती? झुंडवाल्यांच्याच.

हे वाचताना आपला इतिहास आठवत नसेल तर तो पुन्हा शाळेत जाऊन शिकावा. १८७८ साली लिटनच्या सरकारने इथे हत्यारांचा कायदा केला. देशी माणसाला परवाना हवा, युरोपियनाला माफी. पुढे १८९० च्या दशकात महारांची फौजेतली भरती बंद झाली. ज्यांनी यांच्या लढाया लढल्या त्यांनाच सांगितलं की तुम्ही लढवय्ये नाही. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला, १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांनी लिहिला, आणि महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं. बाबासाहेबांनी १९३६ सालीच लिहून ठेवलंय की चातुर्वर्ण्याने खालच्या माणसाकडून हत्यार काढून घेतलं, आणि हत्यार नाही म्हणून त्याला बंड करता आलं नाही. तेव्हा बंदुकीच्या प्रश्नावर आपल्याला कुणी अहिंसेची गोळी चघळायला देऊ नये.

पुढचं पान. १९५६ साली मार्टिन ल्यूथर किंगच्या घरावर बॉम्ब पडला. त्याने अलाबामात बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केला. अहिंसेचा पुतळा म्हणून आज ज्याला हार घालतात त्याने. अर्ज फेटाळला. घरावर बॉम्ब पडूनही या माणसाला बंदुकीची गरज सिद्ध करता आली नाही म्हणे!

आणि आता आपल्या नावाशी नातं असलेलं पान. ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंडला ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने ज्यांचं नाव घेतलं तेच हे. कॅलिफोर्नियात तेव्हा भरलेली बंदूक उघडपणे बाळगायला कायद्याची आडकाठी नव्हती. पँथर एका हातात बंदूक आणि दुसऱ्या हातात कायद्याचं पुस्तक घेऊन पोलिसांच्या गाडीमागे फिरायचे. पोलीस काळ्या माणसाला अडवतात तेव्हा काय करतात ते लांबून बघायचे. एवढंच. तेवढ्याने सरकारची पातळ झाली. मलफर्ड नावाच्या आमदाराने विधेयक आणलं. २ मे १९६७ ला पँथर बंदुका घेऊन सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शिरले. त्याच साली गव्हर्नर रोनाल्ड रेगनने कायद्यावर सही ठोकली : भरलेली बंदूक जाहीरपणे बाळगायची नाही. नॅशनल रायफल असोसिएशन, बंदूकवाल्यांची ती पंढरी, तिने काय केलं? पाठिंबा दिला! आणि १९८० साली याच रेगनला राष्ट्राध्यक्षपदासाठी याच संघटनेने आपला उमेदवार म्हणून मिरवलं. काळ्याच्या हातातली बंदूक काढणारा माणूस गोऱ्याच्या बंदुकीचा कैवारी कसा, असं तिथे कुणाला अडलं नाही. कारण त्यात विसंगती नव्हतीच.

कुणी म्हणेल, हे जुनं झालं. बरं, नवं घ्या. ओहायो राज्यात बंदूक उघडपणे बाळगता येते. २०१४ साली त्याच राज्यात क्लीव्हलंडला टामिर राइस या १२ वर्षांच्या काळ्या पोराला पोलिसाने गाडीतून उतरता उतरता गोळी घातली. हातात खेळण्यातली बंदूक होती. पोलिसावर खटलासुद्धा चालला नाही. २०२० साली केनोशात काइल रिटनहाउस हा १७ वर्षांचा गोरा पोरगा खरी रायफल घेऊन रस्त्यावर उतरला, तिघांना गोळ्या घातल्या, दोघे मेले. तो हात वर करून पोलिसांच्या गाड्यांकडे चालत गेला आणि गाड्या त्याच्या बाजूने निघून गेल्या. पुढच्या वर्षी ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. खेळणं घेतलेल्या पोराला दोन सेकंद, रायफलवाल्याला रस्ता मोकळा.

आणि फिलँडो कॅस्टिल. मिनेसोटात शाळेच्या कँटीनमध्ये नोकरी करणारा काळा माणूस. बंदुकीचा रीतसर परवाना काढलेला. २०१६ च्या जुलैत पोलिसाने गाडी थांबवली. कॅस्टिलने आपण होऊन सांगितलं, साहेब, माझ्याजवळ बंदूक आहे. पोलिसाने सात गोळ्या झाडल्या. गाडीत त्याची मैत्रीण होती, तिची चार वर्षांची पोरगी होती. २०१७ साली पोलीस सुटला. हक्कवाल्यांचं म्हणणं असतं की कायदा पाळणाऱ्या सज्जनाच्या हातातली बंदूक हीच लोकशाहीची राखण. कॅस्टिलहून जास्त कायदा कुणी पाळला होता? तेव्हा रायफल असोसिएशनने सुरुवातीला त्याचं नावही न घेता एक मोघम पत्रक काढलं. यांचा हक्क म्हणजे गावच्या विहिरीसारखा : कागदावर सगळ्यांची.

आता दुसऱ्या टोळीकडे वळतो, कारण पुरोगामी म्हटलं की आपण डोळे मिटून मान हलवतो. न्यूयॉर्कमध्ये १९११ पासून पिस्तुलाला परवाना लागतो. या कायद्याच्या नावाने काय चाललं? एका २०११ सालात पोलिसांनी रस्त्यावर ६ लाख ८५ हजारांहून जास्त वेळा लोकांना अडवलं. बहुतेक सगळे काळे आणि लॅटिनो. बंदुका सापडल्या शंभरात एकाजवळही नाही. २०१३ साली कोर्टाने हा प्रकार घटनाबाह्य ठरवला. म्हणून मला सांगू नका की बंदी म्हटली की झालं. बंदी राबवणारा हात कुणाचा आहे ते आधी दाखवा.

मग आपली बाजू कुठली? इथे मला आपल्याच पोरांशी भांडायचंय. वेताच्या खुर्चीत रायफल आणि भाला घेऊन बसलेल्या ह्यूई न्यूटनचा फोटो मोबाईलवर लावून काहीजण फिरतात आणि म्हणतात, बंदूक हीच मुक्ती. मित्रा, तुला फ्रेड हॅम्प्टन माहीत आहे? शिकागोच्या पँथरचा पुढारी, वय २१. पोरांना सकाळची फुकट न्याहारी देणारा. गरीब गोऱ्यांना आणि पोर्तोरिकनांना एका झेंड्याखाली आणणारा. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांनी त्याला बिछान्यातच मारलं. घराचा नकाशा एफबीआयच्या खबऱ्याने काढून दिला होता. घरात बंदुका होत्या की! पोलिसांकडून ८० च्या वर गोळ्या सुटल्या, पँथरकडून एक. सरकारला हॅम्प्टनच्या बंदुकीची नव्हे, त्याने जोडलेल्या माणसांची भीती होती.

उलट उदाहरणही सांगतो, लपवत नाही. १९६४ साली लुइझियानात जोन्सबरो गावी काळ्या कामगारांनी ‘डीकन्स फॉर डिफेन्स’ काढलं. रात्रभर बंदुका घेऊन वस्तीची राखण केली, क्लॅनला बाहेर ठेवलं. तिथे बंदुकीने माणसं वाचवली. कारण ती वस्तीने ठरवून, शिस्तीने, पाळी लावून धरलेली बंदूक होती. दुकानातून एकट्याने विकत आणून उशाखाली ठेवलेली बंदूक ही वेगळी गोष्ट. तिचा हिशेब असा : २०२१ साली अमेरिकेत ४८ हजारांवर माणसं बंदुकीने मेली, त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या. काळे लोक लोकसंख्येत शंभरात तेरा-चौदा, पण बंदुकीने खून झालेल्यांत निम्म्याहून जास्त. गोऱ्याच्या हक्काचं बिल काळी वस्ती भरते. आणि कारखानदार? २००५ साली कायदा करून त्याला बहुतेक दाव्यांतून सोडवून ठेवलंय.

आता कोर्टाची ताजी कसरत बघा. २००८ साली म्हणालं, बंदूक हा एकेका माणसाचा हक्क. २०२२ साली म्हणालं, बंदुकीवरचं बंधन देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसलं पाहिजे. परंपरा! हा शब्द आला की आपल्या पाठीवरचे वळ उठतात. टॉनी ही परंपरा, मिसिसिपीचा कायदा ही परंपरा. शोधायला गेलात तर तिथल्या परंपरेत बंदूकबंदीचे दाखले भरपूर सापडतील, गुलामांवर घातलेले.

म्हणून मी म्हणतो : बंदुका आवराच, पण वरून खाली आवरा. आधी पोलिसाची, मग कारखानदाराची, मग झुंडीची. २०१५ साली चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ काळ्या माणसांना मारणाऱ्याला बंदूक विकायलाच नको होती. तीन दिवसांत चौकशी पुरी झाली नाही म्हणून दुकानदाराला ती विकता आली. ही फट आधी बुजवा. काळ्या पोराचे खिसे सगळ्यात शेवटी तपासा.

आणि आपलं काय? १९९५ च्या अत्याचार प्रतिबंधक नियमांतला तिसरा नियम वाचलाय कुणी? अत्याचारप्रवण भागात दलित-आदिवासी नसलेल्यांचे हत्यार परवाने रद्द करा, बेकायदा हत्यारं जप्त करा आणि गरज पडली तर दलित-आदिवासींना परवाने द्या, असं त्यात लिहिलंय. अमेरिकेच्या कोर्टाला जे दिसत नाही ते आपल्या नियमात काळ्यावर पांढरं आहे : बंदुकीला जात असते. पण पोरं नियमाचं शेवटचं वाक्य तेवढं वाचून खूश होतात. मला पहिलं वाक्य राबवून हवंय. आपल्या हातात बंदूक येण्याआधी पाटलाच्या खुंटीवरची खाली उतरली पाहिजे.

तेव्हा फोटो लावायचा तर लावा, पण न्यूटनच्या दुसऱ्या हातातलं पुस्तकही घ्या. आपापल्या जिल्ह्याच्या कलेक्टरकडे माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका : तिसऱ्या नियमाखाली १९९५ पासून किती परवाने रद्द केले, कुणाकुणाचे, कुठल्या गावात? दहा रुपये लागतात. उत्तर आलं तर उत्तर पाठवा, नाही आलं तर अर्जाची पोच पाठवा. पुढच्या अंकात जिल्हावार छापू.