होमर बंगलोरला आला, राग मात्र भलत्याचाच आला

कार्टून म्हटलं की आपल्या घरचे लोक समजतात की हे लहान पोरांचं काम. पण ‘द सिम्पसन्स’ हे प्रकरण वेगळं आहे. डिसेंबर 1989 मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ही मालिका मोठ्यांसाठी आहे. होमर सिम्पसन हा अणुवीज केंद्रात सेफ्टी इन्स्पेक्टर, म्हणजे ज्याने जागं राहायचं तोच ड्युटीवर झोपणारा. आणि त्याचा मालक मिस्टर बर्न्स, कंजूषपणाचा अर्क!

या मालिकेचा एक भाग सध्या आमच्या विंगमध्ये पेन ड्राइव्हवरून फिरतोय. नाव ‘किस किस, बँग बंगलोर’, 9 एप्रिल 2006 ला दाखवला गेला. गंमत म्हणजे होमरला आवाज देणारा डॅन कॅस्टेलानेटा हाच त्याच्या दोन लेखकांपैकी एक. गोष्ट अशी की बर्न्स आपलं अख्खं केंद्र आउटसोर्स करून बंगलोरला हलवतो आणि तिथल्या लोकांना ट्रेनिंग द्यायला होमरला पाठवतो. होमरच्या डोक्यात हवा जाते आणि तो चक्क स्वतःला देव घोषित करतो.

बस, एवढं पाहून आमच्या विंगमध्ये भडका उडाला. “काय बे, आपल्याले काय समजून राह्यले हे लोक?” दोघा-तिघांनी तर शेवटची पाच मिनिटं पाहिलीच नाहीत.

आता रागात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. अपू हे किराणा दुकानदाराचं पात्र घ्या. त्याला वर्षानुवर्षे हँक अझारिया या गोऱ्या नटाने ओढूनताणून काढलेल्या ‘इंडियन’ उच्चारांत आवाज दिला. हरी कोंडाबोलू या विनोदी कलाकाराने 2017 साली त्यावर माहितीपट केला, बरीच बोंबाबोंब झाली आणि 2020 मध्ये अझारियाने तो आवाज सोडला. उच्चारांवरचा विनोद मलाही लागतो. आमच्या विदर्भात ज्या शाळेत टाय लावतात ती कॉन्व्हेंट, पण माझ्या शाळेत खरोखरच्या सिस्टर होत्या, आणि तिथे ‘भिवापूरचं इंग्लिश’ हा एक स्वतंत्र विनोदप्रकार होता. असो.

आणि बंगलोरला अणुवीज केंद्र? कर्नाटकातलं केंद्र कैगाला, पार उत्तर कन्नडच्या जंगलात. आपल्या महाराष्ट्रात तारापूरला तर अमेरिकन केंद्र खरंच आलं होतं. जनरल इलेक्ट्रिकने उभारलं आणि 1969 मध्ये सुरू झालं. पोखरणच्या 1974 च्या चाचणीनंतर अमेरिकेने इंधन देताना हात आखडला, तरी आपल्या इंजिनियर लोकांनी त्या अणुभट्ट्या पन्नास वर्षे चालवल्या. कोणी होमर शिकवायला आला नाही. हे लेखकांना ठाऊक असतं तर त्यांना याहून भारी एपिसोड मिळाला असता, असं आपलं माझं मत.

पण माझा मुद्दा त्या न पाहिलेल्या पाच मिनिटांचा आहे. देव झालेल्या होमरने तिथे केलं काय? कामगारांना चहाची सुटी शिकवली, रजा मागायला शिकवलं, वेळेआधी निवृत्ती, नोकरी गेली तर हातात पडणारे पैसे, सगळं शिकवलं. बर्न्स येऊन बघतो आणि कपाळाला हात लावतो. ठरवतो की केंद्र बंद, आता जिथले लोक जास्त गरजू आणि जास्त अडाणी असतील तिथे जाऊ. आणि असं गाव कोणतं, तर त्याचंच जुनं स्प्रिंगफील्ड! इकडे बंगलोरचे कामगार नोकरी गेली म्हणून चक्क नाचतात, कारण जाताना काय मिळणार ते त्यांना माहीत आहे.

सांगा, हा विनोद कोणावर आहे? भारतीयांवर? मला तर तो थेट आपल्या प्लेसमेंट सीझनवर वाटला. काम आपल्याकडे आलं ते आपण हुशार म्हणून, हे 2006 साली सगळे छाती फुगवून सांगत होते. हुशार आहोतच. पण बर्न्सला स्वस्त माणूस हवा होता, हेही तितकंच खरं.

माझ्या ओळखीच्या एका सिनियरला ऑफर लेटर मिळालं, कॉलेजने अभिनंदनाच्या बॅनरवर फोटो लावला, आणि जॉइनिंगची तारीख यायला अकरा महिने गेले. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. अशी पोरं एकटी नाहीत. पुण्याची ‘नाइट्स’ ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना अशाच रखडलेल्या जॉइनिंगची तक्रार घेऊन 2024 मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे गेली होती. आमचा सिनियर मात्र कोणाकडेच गेला नाही. दोन वर्षांच्या बाँडवर सही करताना त्याने आत काय लिहिलंय ते वाचलंही नव्हतं. का, तर “सर, प्रश्न विचारले आणि नाव काढलं तर?”

भिवापूर मिरचीचं गाव. जीआय मिळालेली भिवापुरी मिरची ती आमचीच. सीझनमध्ये सातऱ्यावर बाया मिरचीचे देठ खुडायला येतात. मजुरी किलोवर. यातल्या कित्येकींना सही करता येत नाही, पण दर ठरल्याशिवाय एकही बाई ढिगाला हात लावत नाही. “किती देता, ते आधी सांगा भाऊ.” व्यापारी कुरकुरतो, पण सांगतो. आणि आपण? चार वर्षे इंजिनियरिंग करून, टाय लावून, पगाराचा आकडा सोडून एक प्रश्न विचारत नाही.

म्हणून आपल्या ट्रेनिंग अँड प्लेसमेंट सेलच्या सरांना एक विनंती. बॅनरवर ‘इतके सिलेक्ट’ हा आकडा असतोच. त्याच्या शेजारी अजून दोन आकडे लावा: मागच्या वर्षी लेटर मिळालेल्यांपैकी किती जण प्रत्यक्ष जॉइन झाले, आणि सरासरी किती महिने थांबून. बाँडचा कागदही सहीच्या दिवशी नको, आठवडाभर आधी मिळू द्या. यात कंपनीचा अपमान नाही आणि कॉलेजची बदनामीही नाही. सीझन सुरू व्हायला अजून वेळ आहे, आणि हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर मेसच्या मेनूशेजारी जागा रिकामीच आहे.